पंगत एक, वाढपी दोन

मैत्रिणींनो, या पानावर मी आजवर लोणच्याला बुरशी का धरते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालावं, मिक्सरचं भांडं का गळतं असल्या गोष्टी लिहीत आले. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंना झालं तरी काय! पण विषय आहे घरातलाच. उमरखेडच्या एका वाचक भगिनीनं पत्रात विचारलंय, "आमचा कॉम्प्युटर तीन वर्षांतच म्हातारा झाला. दुकानदार म्हणतो रॅम बदला, मुलगा म्हणतो महागातली घ्या, आणि हे म्हणतात काही नको. कोणाचं ऐकू?" पत्र वाचून मला हसूच फुटलं. नेमकं हेच नाटक आमच्या दारव्ह्याच्या घरी नुकतंच होऊन गेलंय, आणि त्यात माझे बेचाळीस हजार रुपये जाता जाता राहिले. म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याचं असं झालं. मोठी लेक दहावीनंतर सिव्हिलच्या डिप्लोमाला गेली. दिवसभर यवतमाळ, आणि संध्याकाळी घरी आल्यावर नकाशे. आधी घराचा आराखडा, मग त्याचं उभं चित्र, मग ते चित्र पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून पाहायचं. आमचा टेबलावरचा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून घेतलेला. प्रोसेसर चांगला, आत एसएसडी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड मात्र नाही. चित्राचं काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक भाग करतो. माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, सासूबाईंची कीर्तनं, धाकट्याचा अभ्यास, यात त्यानं कधी कुरकुर केली नव्हती. पण लेकीनं घर फिरवायला घेतलं की ते गचके खात फिरायचं, मधेच थिजायचं. एका रात्री साडेबाराला मी पाणी प्यायला उठले तर पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडतेय. "आई, सगळ्यांची ड्रॉइंग जमा झाली. माझंच राहिलं. सर म्हणाले, तुझा हातच हळू आहे."

हात हळू नव्हता हो तिचा. मी स्वतः बसून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. दुकानदारांनी पेटी उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. "वहिनी, हे आता जुनं झालं. नवं घेऊन टाका, बेचाळीस हजारांत बसवून देतो." माझ्याकडे भिशीचा नंबर लागलेले पन्नास हजार होते, पण ते गच्चीसाठी राखलेले. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंच्या खोलीत तीन ठिकाणी बादल्या मांडल्या होत्या. हे म्हणाले, "शिक्षण आधी. गच्ची पुढच्या साली पाहू." सासूबाईंनी तर कडीच केली. "माह्या खाटंवर टपकलं तं टपकू द्या बाप्पा, पोरीले मशीन घेऊन द्या." त्या बोलण्यानं मला जास्तच अपराध्यासारखं झालं.

रात्री नागपूरच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, पैसे नंतर. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी. उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा." मी वाचलं. रॅम ८ जीबी. वेग २४००. जागा चार, त्यातली भरलेली एक. फडताळातून रॅमचा रिकामा खोका शोधून काढला, तर त्यावर छापलेलं: ३२००, सीएल १६. म्हणजे बत्तीसशेची म्हणून पैसे मोजून आणलेली पट्टी दोन वर्षं चोवीसशेनं चालत होती, आणि तीही एकटीच!

आता हे सगळं काय आहे ते मला जसं उमगलं तसं सांगते. मी बी.ए. मराठीची. शाळेत अर्धवेळ शिकवते, पाचवी-सहावीचं गणितही माझ्याचकडे आहे, तेवढ्याच भांडवलावर समजून घेतलं.

रॅम म्हणजे ओटा, आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. चालू कामाचं सामान ओट्यावर मांडून ठेवायचं. ओटा लहान पडला की निम्मे डबे पुन्हा कोठीत नेऊन ठेवा, पुन्हा आणा. हा झाला आठ जीबी की सोळा जीबी हा प्रश्न, आणि तो सगळ्यांना कळतो. न कळणाऱ्या गोष्टी तीन. त्यांच्यासाठी डोळ्यांपुढे लग्नाची पंगत आणा.

वाढपी भाताची परात घेऊन निघाला की एका पानावरून दुसऱ्या पानावर किती झपाट्यानं सरकतो, तो त्याचा वेग. खोक्यावरचे २४००, ३२०० हे आकडे त्याचेच. पंगतीतून "भात!" अशी हाक गेल्यापासून पहिली मूद पानात पडेपर्यंतचा वेळ म्हणजे खोळंबा. 'सीएल' हे त्याचं माप. आणि एका वेळी किती वाढपी फिरताहेत, ते चॅनल. आपल्या घरगुती कॉम्प्युटरना बहुधा दोन वाढपी ठेवायची सोय असते. पण एकच पट्टी बसवली तर एकच फिरतो आणि दुसरा मांडवाबाहेर पान खात उभा राहतो.

सासूबाई शेजारी शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे आपल्या शकुंतलेवानी." शकुंतला ही मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. आता बंद पडली आहे. "टेसनावर वाट पाहू पाहू जीव जाये. पन एकदा आली का सारं गाव घेऊन जाये. आन् रूळ तं एकच!" खोळंबा वेगळा, एका खेपेत किती माल येतो ते वेगळं, आणि रूळ किती ते आणखी वेगळं. मी पाऊण तास डोकं खाजवून जे काढलं ते त्यांनी शेंगा सोलता सोलता सांगितलं.

आता थोडा हिशेब. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवघेव, आणि प्रत्येक वेळी ८ बाइट. गुणाकार २५६० कोटी बाइट. आमची पट्टी २४०० नं चालत होती, म्हणजे १९२० कोटी. आणि ३२०० च्या दोन पट्ट्या दोन वाटांनी चालल्या तर ५१२० कोटी. कुठे १९२० आणि कुठे ५१२०! प्रोसेसर तोच, पेटी तीच.

खोळंब्याचा हिशेब मात्र फसवा आहे. सीएल १६ म्हणजे सोळा ठोके थांबायचं. पण ठोका केवढा, ते वेगावर ठरतं. यांची सोळा पावलं आणि सासूबाईंची सोळा पावलं यांना सारखा वेळ लागत नाही, तसंच. म्हणून सीएलच्या आकड्याला २००० नं गुणायचं आणि वेगानं भागायचं. उत्तर येतं नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत. ३२०० आणि सीएल १६, उत्तर १०. ३२०० आणि सीएल २२, उत्तर पावणेचौदा. खोक्यावर दोन्हींना मोठ्या अक्षरांत ३२०० च असतं, बरं का! धाकट्याला हवी होती ती रंगीत दिवे लागणारी, ३६०० ची. तिचा सीएल १८. करा हिशेब: १८ गुणिले २००० भागिले ३६००, उत्तर पुन्हा १०. माल थोडा जास्त वाहील, खरं आहे. पण पहिल्या घासाची वाट तेवढीच पाहायची, आणि दिव्यांचे पैसे निराळे. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

या खोळंब्याची एक गंमत मला फार आवडली. डीडीआर जातीच्या रॅमचं प्रमाण २००० साली ठरलं, डीडीआर-४ चं २०१२ मध्ये, डीडीआर-५ चं २०२० मध्ये. पहिल्या जातीतली ४०० वेगाची, सीएल ३ ची पट्टी घ्या: खोळंबा १५ नॅनोसेकंद. डीडीआर-५ मधली ४८०० ची, सीएल ४० ची घ्या: साडेसोळाच्या थोडा वरच! वेग बारा पट झाला आणि खोळंबा जागच्या जागी. याचं कारण रॅमच्या पोटात आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एक अक्षरखूण जपायला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा पुरे. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, आणि रॅम आजही त्याच तत्त्वावर चालते. हा साठा इतका चिमुकला की त्यात वीज आहे की नाही ते चाचपून पाहायलाच वेळ लागतो. वर तो आमच्या गच्चीसारखा गळका! डीडीआर-४ मध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदातून पंधराएक वेळा, प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते, नाहीतर सगळं विसरलं. वाढपी जलद पळवता आला, पण भात उतरायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

मग एवढ्या खोळंब्यात प्रोसेसर उपाशी कसा राहत नाही? तर त्याच्याजवळ तिखटामिठाचा डबा असतो. आपण जिरं, मोहरी, हळद शेगडीशेजारीच ठेवतो, चिमूटभर मिठासाठी कोठीत जात नाही; तशी त्याच्या अगदी कुशीत कॅश नावाची छोटी, फार चपळ मेमरी असते. पत्र टाइप करणं, फॉर्म भरणं, कीर्तन ऐकणं ही कामं बरीचशी त्या डब्यावरच भागतात. म्हणून अशा घरी महागडी रॅम आणून काडीचा फरक दिसत नाही. आमच्या घरीही माझ्या प्रश्नपत्रिकेला दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते.

चित्राचं काम मात्र वेगळं. नुसता पडदा दाखवत ठेवायचा म्हटला तरी १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे सुमारे ८३ लाख बाइट. ते सेकंदाला साठ वेळा, म्हणजे जवळजवळ ५० कोटी. हे तयार चित्र नुसतं वाढण्याचं झालं. ते रंगवायचं, सावल्या टाकायच्या, फिरवायचं म्हटलं की त्याच्या कितीतरी पट. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं त्यांच्या त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र चित्रवाला आणि प्रोसेसर दोघंही एकाच पंगतीत बसतात आणि एकाच वाढप्याकडे पाहतात. लेकीचं घर गचके खाई ते यामुळे.

आता आमचा प्रयोग. तो तीन टप्प्यांत झाला, त्यातला एक चुकून, पण त्या चुकीनंच मला सगळं कळलं. मोजायचं साधन एकच: लेकीनं घराला एक पूर्ण फेरी द्यायची आणि मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. सुरुवातीला फेरीला चोवीस लागत होते.

पहिला टप्पा फुकटचा. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस नावाचं निळं-काळं पान उघडतं. तिथे एक्सएमपी नावाची एक खूण असते. काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात, आणि डीडीआर-५ च्या कित्येक पट्ट्यांसाठी एक्सपो. ती चालू केल्याशिवाय पट्टी आपल्या छापील वेगानं धावत नाही. सावधपणे, कमी वेगानं चालते. आमच्या जुळवणाऱ्यानं ती खूण केलीच नव्हती. भाच्याला फोनवर ठेवून मी ती केली. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू? टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसलं. फेरीला वीस. लेकीनं नाक मुरडलं, पण मला मात्र फुकटातले चार सेकंद खूप वाटले.

दुसरा टप्पा विकतचा. भाच्यानं सीताबर्डीतून तसलीच ८ जीबीची आणखी एक पट्टी पाठवली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना इतकी मेमरी लागते की कारखाने आधी त्यांच्याकडे वळले. मला साडेचार हजार पडले, आणि ते काढून देताना जीव कळवळला. पट्टी बसवायला गल्लीतला एक हुशार मुलगा आला. त्यानं जुन्या पट्टीच्या शेजारची मोकळी जागा पाहिली आणि तिथे खट्कन बसवली. आता फाइल पटकन उघडू लागली, मधेच थिजणं थांबलं. ओटा मोठा झाला ना! पण फेरीला? वीसच.

मी भाच्यावरच चिडले. तो म्हणाला, "मामी, झाकण उघडून फोटो पाठवा." फोटो पाहून हसायलाच लागला. चार जागांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजलं तर पहिली-दुसरी ही एका वाटेची जोडी, तिसरी-चौथी ही दुसऱ्या वाटेची. आमची जुनी पट्टी दुसऱ्या जागी होती आणि नवी त्या मुलानं पहिल्या जागी बसवली. म्हणजे वाढपी दोन झाले, पण दोघंही एकाच ओळीत एकामागे एक! भिंतीवरचं बटण बंद करून, हात पेटीच्या लोखंडाला लावून, मी ती पट्टी काढली आणि चौथ्या जागी बसवली. दुसरी आणि चौथी. दोन्ही टोकांच्या कड्या टक् टक् वाजल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, लेकीनं फेरी दिली. तेरा.

तिनं पुन्हा दिली. पुन्हा तेरा. मग तिनं पाच-सहा वेळा नुसतंच ते घर फिरवलं, काही कारण नसताना.

उमरखेडच्या ताई, आता तुमच्याकडे वळते. पैसे काढण्याआधी टास्क मॅनेजर पाहा. आत अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर रॅमचं नाव काढू नका, आधी एसएसडी घ्या. त्याएवढा फरक दुसरा कशानंच पडत नाही. एसएसडी आहे, पट्टी एकटीच आहे आणि ग्राफिक्स कार्ड नाही, अशी आमच्यासारखी गत असेल तर दुसरी पट्टी घेण्यात राम आहे. मुलगा ग्राफिक्स कार्डावर खेळत असेल तर थोडा फरक पडेल, पण आमच्याएवढा नाही. आणि मशीन नुसतं पत्रं-फॉर्मांपुरतं असेल तर तुमच्या यजमानांचंच खरं. (हे वाक्य मी आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवलेलं नाही.)

पट्ट्या शक्यतो जोडीनंच, एकसारख्या घ्याव्यात. दोन वेगवेगळ्या वेगांच्या लावल्या तर दोघी संथ असलेलीच्या चालीनं चालतात. आणि कधी कधी एकमेकींशी पटत नाही, मशीन सुरूच होत नाही. तसं झालं तर घाबरू नका. एक्सएमपीची खूण काढून टाका. ते पानही उघडत नसेल तर वीज बंद करून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढा, थोड्या वेळानं परत लावा. सगळं मूळपदावर येतं. आठची एक आणि चारची एक असली तरी कित्येक बोर्ड चार-चारांचं दोन वाटांनी चालवतात आणि उरलेलं चार एकाच वाटेनं, म्हणजे अगदीच वाया जात नाही. डीडीआर-४ च्या जागेत डीडीआर-५ बसत नाही, खाच निराळ्या ठिकाणी असते. जोर लावू नका. डीडीआर-५ च्या एकाच पट्टीत दोन अर्ध्या वाटा असतात म्हणून "एकच पुरे" असं कोणी सांगेल. ऐकू नका, तिथेही दोन लागतातच.

दोन वाटा खरंच चालू आहेत का, हे टास्क मॅनेजर सांगत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्याच्या मेमरीच्या पानावर चॅनल लिहिलेलं असतं. तिथे वेग १६०० दिसला तर फसवलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. या रॅममध्ये एका ठोक्याला दोनदा देवघेव होते, म्हणून १६०० ची दुप्पट ३२००. मी भांडायला निघालेच होते, पायात चपला घातल्या होत्या.

लेकीची राहिलेली ड्रॉइंग जमा झाली. गच्चीचं काम परवा सुरू होतंय. तिनं गच्चीचाही उतार कॉम्प्युटरवर काढला, चारी बाजूंनी फिरवून मिस्त्रीला दाखवला. त्यानं बिडी बाजूला ठेवून सगळा नीट पाहिला आणि म्हणाला, "चित्र लय झ्याक आहे बाई. पन पानी जाते त्या कोपऱ्यातून."

आता दोघं वर गच्चीवर आहेत, बादलीभर पाणी ओतून पाहायला.